अल्विनाचे दहा सेकंद

अल्विना कौटनीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टेलिफोनवर कुणाला तरी कोंबडीच्या पिल्लांचं औषध समजावून सांगत होती आणि मोकळ्या हातानं मला 'थांबा' म्हणत होती. मी थांबलो. थांबण्याचा मला चांगलाच सराव होता. वीस वर्षं मी तंबूतल्या फिरत्या नाटक मंडळीत विदूषकाचं काम केलं होतं, आणि विदूषकाचं निम्मं आयुष्य पडद्यामागे आपल्या पाळीची वाट पाहण्यात जातं. मग घरोघरी टीव्ही आले, लोक तंबूत यायचे बंद झाले, आणि एका शनिवारी मॅनेजरनं तंबूचं कापड एका गवताच्या व्यापाऱ्याला विकून टाकलं. म्हणून मी ज्यानं आमचा धंदा बुडवला त्याच्याच दारात काम मागायला उभा होतो. नेब्रास्कातलं ब्रोडेक गाव, साल एकोणीसशे चोपन्न.

आमचं चॅनेल पाच हे एमिल स्वातोशच्या पिल्लं उबवण्याच्या कारखान्याच्या मागच्या भागात होतं. पुढे पिल्लं, मागे टीव्ही. दोघांचा टेलिफोन एक आणि तो घेणारी अल्विना एक. त्यामुळे "कालचा भाग पुन्हा कधी दाखवणार?" असं विचारणाऱ्याला चुकून "अठ्ठेचाळीस तासांत, उबेत ठेवलेत" असं उत्तर गेल्याचं गावात सांगतात. अल्विना म्हणायची, "मी असं कधीच बोलले नाही." पण म्हणताना हसायची.

मला काम मिळालं. दुपारी चारला मुलांसाठी विदूषक आणि सहाला मोठ्यांसाठी हवामान. मधल्या वेळात तोंडाचा रंग काढायचा. कधीकधी कानामागे राहून जायचा, आणि मग लोकांना गारपिटीचा इशाराही खोटा वाटायचा.

आता स्टेशनच्या नातेसंबंधांबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावाचून अल्विनाचं काम काय ते कळणार नाही. छोट्या गावातल्या स्टेशनला न्यूयॉर्कच्या कुठल्या ना कुठल्या नेटवर्कशी सोयरीक करावीच लागायची. दिवसभर विदूषक आणि हवामान दाखवून कुणी टीव्ही विकत घेत नाही. मी यायच्या आधी आमची पहिली सोयरीक झाली त्या नेटवर्कचे कार्यक्रम फिल्मच्या डब्यांत बसनं यायचे, तेही आठवड्यानं. नाताळचा खास कार्यक्रम आम्ही एक जानेवारीला दाखवला. लोकांनी तक्रार केली नाही. काही घरांनी तर दोनदा बदक भाजलं. मग एमिलनं दुसऱ्या एका नेटवर्ककडूनही काही कार्यक्रम घेतले, आणि वर्षभर आम्ही दोन घरी जेवणाऱ्या पाहुण्यासारखे दोघांचं गोड बोलून खात होतो. शेवटी दुसऱ्या नेटवर्कनं विचारलं, "तुम्ही नक्की कुणाचे?" एमिलनं त्यांच्याशी रीतसर करार केला आणि बसचे डबे बंद झाले.

पण न्यूयॉर्कपासून ब्रोडेकपर्यंत तार ओढायला त्या काळी कुणी तयार नव्हतं. यावर आमच्या इंजिनिअरनं काढलेला मार्ग असा. नव्वद मैलांवरच्या मोठ्या शहरात त्याच नेटवर्कचं एक स्टेशन होतं. धान्याच्या उंच कोठारावर आम्ही अँटेना लावला, त्या स्टेशनचं चित्र हवेतून पकडलं आणि आपल्या मनोऱ्यावरून पुढे सोडलं. सगळ्यांची परवानगी होती, चोरी नव्हती. अडचण एकच. दर अर्ध्या तासाला ते मोठं स्टेशन दहा सेकंद स्वतःचं नाव दाखवायचं. ते आमच्या लोकांना दिसून चालणार नव्हतं. सरकारचा नियम होता, प्रत्येक स्टेशननं आपलं नाव वेळेवर सांगायचंच. म्हणून त्या दहा सेकंदांत एक बटण दाबून त्यांचं चित्र आणि आवाज झाकायचा, वर आमच्या कोंबड्याचं चित्र असलेली पाटी लावायची आणि माइकवर म्हणायचं, "चॅनेल पाच, ब्रोडेक, नेब्रास्का." आधी दाबलं तर नायकाचं शेवटचं वाक्य कापलं जायचं, उशीर झाला तर परक्याचं नाव घरात शिरायचं.

हे काम करणारा निवेदक व्हर्न एका दुपारी मासे धरायला जातो म्हणून गेला तो डेन्व्हरच्या रेडिओवरच सापडला. घड्याळात दोनला दोन मिनिटं कमी होती. एमिल पिल्लांत होता. मी तोंडाला रंग लावून बसलो होतो. अल्विनानं टेलिफोनवरच्या माणसाला "जरा धरा हं" सांगितलं, काचेच्या खोलीत गेली, बटण दाबलं, बोलली आणि परत येऊन "हं, काय म्हणत होता?" म्हणाली.

"वा अल्विना!" मी म्हणालो. "पहिल्याच प्रवेशाला अशी वेळ साधलेली मी पाहिली नाही."

"पडद्यावरचा माणूस बोलणं संपवण्याआधी खांदे पाडतो," ती म्हणाली. "माझा लुमीरही तसंच करतो. त्याला बोलू द्यायचं, खांदे पडले की आपण सुरू करायचं."

लुमीर तिचा नवरा. विहिरी खणायचा. फारसा बोलत नसे.

एमिलनं तिला तात्पुरतं त्या खुर्चीत बसवलं, आणि तात्पुरती ती तीन वर्षं बसली. आसपासच्या कुठल्याही स्टेशनला तेव्हा बाईचा आवाज नव्हता. पहिल्या आठवड्यात चार पत्रं आली; तीन विरोधात, आणि चौथं तिच्या सासूचं, तेही विरोधातच. मग लोकांना सवय झाली, आणि सवयीचं पुढे काय झालं ते सांगतो.

स्टेशनचं नाव सांगायला तीन सेकंद लागतात. उरतात सात. व्हर्न ते रिकामे सोडायचा. अल्विनाला रिकामं काही बघवत नसे. गावभरचे फोन तीच घ्यायची, त्यामुळे गावभरचं तिला ठाऊक. ती म्हणायची, "चॅनेल पाच, ब्रोडेक, नेब्रास्का. मिल क्रीकच्या पुलावर बर्फ आहे, हळू जा." किंवा, "चॅनेल पाच, ब्रोडेक, नेब्रास्का. लिब्बी, बदक बघ." एवढंच. आणि कुठेतरी एक लिब्बी उठून ओव्हन उघडायची. मी तंबूत तासतासभर बोलून जे कमावलं नाही ते ही बाई सात सेकंदांत कमवायची: लोक पुढचं वाक्य ऐकायला थांबायचे. तिला बाहेरून पाहिलं तर कुणाला काही विशेष वाटलं नसतं. अडतीस वर्षांची, ठेंगणी, स्वेटरच्या बाहीत रुमाल खोचलेली. पण पाच मिनिटं आधीपासून ती खुर्चीत ताठ बसायची आणि ओठ ओले करायची. हे मी मोठमोठ्या नट्यांना करताना पाहिलं आहे. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सत्तावन्नच्या वसंतात न्यूयॉर्कहून पत्र आलं. एमिलनं ते उभ्यानंच वाचून दाखवलं. करार नव्यानं करायची वेळ आली होती. नेटवर्कच्या कानावर असं आलं होतं की त्यांच्या कार्यक्रमांच्या मध्ये एक बाई लोकांना भाजत ठेवलेल्या बदकाची आठवण करून देते. यापुढे सराईत पुरुष निवेदक असावा अशी त्यांची अपेक्षा होती. मिस्टर पायक नावाचे गृहस्थ आठवडाभर गावात राहून प्रक्षेपण पाहतील आणि कळवतील.

"अल्विना, तू तशी तात्पुरतीच होतीस," एमिल खिडकीकडे बघत म्हणाला.

"तीन वर्षं झाली एमिल. तुझं पहिलं लग्न एवढं टिकलं नव्हतं."

"ते काढू नकोस आता. हे बघ, मी लिंकनच्या एका पोराशी बोलून ठेवलंय. रॉजर हॅल्सी. आवाज म्हणजे काय, तळघरातून आल्यासारखा. पायकचा आठवडा संपला की सोमवारी येतोय."

"मग मी काय करू?"

"फोन आहे ना तुझा."

अल्विनानं बाहीतला रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. पण ती म्हणाली, "एमिल, फोनवर लोक मला विचारतात. तिथे बसले की मी सांगते. मला तिथे बसायचंय."

एमिल वाईट माणूस नव्हता. चार दिवसांची पिल्लं सांभाळणारा माणूस फार वाईट असूच शकत नाही. तो बराच वेळ कान खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "पायकनं हरकत घेतली नाही तर खुर्ची तुझी. मी शब्द देतो. पण हा आठवडा फक्त नाव. बर्फ नाही, पूल नाही, बदक नाही. आणि नेटवर्कच्या कार्यक्रमाला बोट लावायचं नाही. कळलं?"

"कळलं."

पायकसाहेब दिवस न कळवता गुपचूप आले होते, म्हणजे त्यांच्या समजुतीनं. हॉटेलवालीनं त्यांची बॅग वर पोचायच्या आत अल्विनाला फोन केला. "तिसरा मजला, राखाडी सूट, अंघोळीचा साबण स्वतःचा आणलाय," एवढी माहिती आम्हाला दहा मिनिटांत मिळाली. टीव्ही खालच्या दिवाणखान्यात होता. साहेब रोज संध्याकाळी त्याच्यासमोर वही घेऊन बसायचे.

सोमवार ते बुधवार अल्विना फक्त नाव बोलली. तीन सेकंद नाव, सात सेकंद शांतता. आणि गावात घबराट उडाली. "अल्विना, बरी आहेस ना गं?" "घशाला काय झालं?" "लुमीरशी भांडलीस का?" एका म्हातारीनं तर कांद्याचा काढा पाठवून दिला. फादर नोव्होत्नी स्वतः विचारायला आले.

"काय करू लेस्टर?" तिनं मला विचारलं. "ते सात सेकंद मला खायला उठतात."

"गप्प बसणं ही मोठी कला आहे बाई," मी म्हणालो. "पोटातल्या पोटात दहा आकडे मोज आणि चेहरा असा ठेव की सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय."

"चेहरा कुणाला दिसतोय? तिथे कोंबडा दिसतो."

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याबरोबर काचेच्या खोलीत बसून तिनं आणलेल्या कोलाच्या, म्हणजे खसखस भरलेले चेक पद्धतीचे गोड पाव, खात होतो. सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. पडद्यावर एक डॉक्टर एका बाईला काही महत्त्वाचं सांगणार, इतक्यात चित्र गेलं, एक पाटी आली आणि भारदस्त आवाज म्हणाला, "नगरपालिकेची सूचना. चौथ्या ते नवव्या रस्त्यापर्यंत आज रात्री आठपासून सकाळपर्यंत नळाला पाणी येणार नाही. कृपया पाणी भरून ठेवावे." मग डॉक्टर परत आला.

मी घास गिळला. "आपली नगरपालिका इतकी तत्पर कधी झाली?"

अल्विना पांढरी पडली होती. "लेस्टर, ही त्यांची सूचना आहे. त्या मोठ्या शहराची. त्यांनी आपल्या लोकांसाठी मध्ये घातली आणि आपण जशीच्या तशी पुढे सोडली."

आणि आमचं गावच मुळी नऊ रस्त्यांचं. पहिल्या तीनवर रेल्वेचा माल, दाणागोटा आणि दफनभूमी. माणसं राहायची ती चौथ्यापासून नवव्यापर्यंत.

टेलिफोनच्या फळीवरचे सगळे दिवे एकदम लागले. अल्विनानं पहिला उचलला. एमिल होता, घरून.

"सूचना झाली, आता तू हात लावू नकोस!" तो ओरडला तो मलाही ऐकू आला. "पायक बघतोय! कार्यक्रमात बोट घालायचं नाही!"

"अरे पण लोक पाणी भरतायत."

"तू भरतेस का?"

"माझी विहीर आहे."

"मी भरतोय! टब अर्धा झालाय! अगं, खोटी सूचना आहे का ती?"

"नळ बंद कर एमिल," असं म्हणून तिनं फोन ठेवला. बाकीचे दिवे लुकलुकतच होते. एकेकाला सांगत बसायचं तर सकाळ झाली असती. तिनं घड्याळ पाहिलं. साडेसातला अजून सहा मिनिटं. ती खुर्चीत ताठ बसली आणि ओठ ओले केले.

पुढची सहा मिनिटं मी खिडकीतून पाहत होतो. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला बाहेरून एक पट्टी होती, आत पाणी किती आहे ते दाखवणारी. ती पट्टी डोळ्यांदेखत खाली सरकत होती. सगळ्या गावानं एकाच वेळी टब, बादल्या, घंगाळी, दुधाचे कॅन, आणि नंतर कळलं की सेंट वेन्सेस्लॉसच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पात्रसुद्धा, भरायला घेतलं होतं.

डॉक्टरनं खांदे पाडले. अल्विनानं बटण दाबलं. कोंबडा आला.

"पाण्याची सूचना आपली नव्हे," ती म्हणाली. घाई नाही, ओरडणं नाही. "परगावची आहे. नळ बंद करा. भरलंय ते ओतू नका, शेजारी विचारा कुणाला हवं का."

दहा सेकंद संपले. बटण सुटलं. पुढचा कार्यक्रम सुरू झाला.

"वा," मी म्हणालो.

"नाव सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

खरंच राहिलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा. सरकारचा नियम मोडला होता, एमिलची ताकीद मोडली होती, आणि हे सगळं त्या वहीसमोर. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. मग टाकीकडे पाहिलं. पट्टी तळाला टेकली होती. सूचना खोटी होती, पण गावानं मनावर घेऊन ती खरी करून दाखवली होती.

फोन वाजला. हॉटेलवाली. "अल्विना, तुझा तो न्यूयॉर्कवाला! पाणी जाणार ऐकलं आणि वही टाकून वर पळाला अंघोळीला. म्हणाला, आठच्या आत आटपतो. डोक्यापासून पायापर्यंत साबण लावलाय आणि नळ कोरडा! तिसरा मजला ना, सगळ्यात आधी तिथलंच जातं. जिन्यातून ऐकू येतंय, काय काय बोलतोय!"

अल्विनानं मिनिटभर विचार केला. मग लुमीरला फोन लावून म्हणाली, "दोन कॅन पाणी. हॉटेल. आत्ता." लुमीरनं काही विचारलं नाही.

आठच्या आत परत खुर्चीत यायचंच होतं, म्हणून आम्ही पळतच गेलो. लुमीर कॅन वर चढवून न बोलता निघून गेला. मी बादली घेऊन न्हाणीघरात शिरलो. टबात एक उंच माणूस पांढऱ्या फेसात डोळे घट्ट मिटून उभा होता. तंबूत मी पुष्कळ भुतं रंगवली, इतकं चांगलं एकही जमलं नव्हतं. अल्विना दाराबाहेर पाठ करून उभी राहिली.

"कोण आहे?" पायकसाहेब म्हणाले.

"विदूषक," मी म्हणालो. "खाली वाका."

"पाणी विहिरीचं आहे, गार असेल," अल्विना बाहेरून म्हणाली. "श्वास धरा."

साहेब एकदम थांबले. "हा आवाज! तुम्हीच का त्या?"

"हो."

"साडेसातला तुम्ही स्टेशनचं नाव सांगितलं नाहीत. मी इथे ऐकत होतो. खालचा टीव्ही मोठा केला होता."

"नाही सांगितलं. लेस्टर, कानामागे बघ, तिथे राहतो."

मी ओतलं. साहेब ओरडले. मग दात वाजवत म्हणाले, "का नाही सांगितलं?"

"दहाच सेकंद होते. नाव घेतलं असतं तर नळाचं सांगायचं राहिलं असतं." ती थांबली. "चूक झाली ती झाली. तुम्ही वहीत लिहा. फक्त असं लिहा की चूक माझी होती, एमिलची नाही. त्यानं मला ताकीद दिली होती."

 मी दुसरी बादली ओतली. आता त्यांच्या भुवया दिसू लागल्या.

"ते म्हणाले चौथा ते नववा रस्ता," साहेब हळूच म्हणाले. "हॉटेल सहाव्यावर आहे. मी विचारसुद्धा केला नाही. तीस वर्षं या धंद्यात आहे. आवाज भारदस्त होता आणि मी जाऊन साबण लावला."

"सगळ्यांनीच तसं केलं," अल्विना म्हणाली. "फादरनीसुद्धा."

"करारात एक पान आहे," साहेब म्हणाले. "कुणी वाचत नाही. अर्ध्या तासाला येणारे ते दहा सेकंद नेटवर्कचे नसतात. स्टेशनचे असतात. तिथे कोण बोलावं हे न्यूयॉर्कनं सांगायचं कारण नाही. मीच ते पत्र लिहिलं, मलाच आठवलं नाही." मग एकदम दचकून, "किती वाजले? आठला तिथे कोण बोलणार आहे?"

"मीच. म्हणून तर म्हणते, लवकर वाका."

"मग तुम्ही जा! विदूषक पुरे आहे मला! आणि नाव दोनदा सांगा!"

तिच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मी तिसरी बादली ओतली. मग लक्षात आलं की टॉवेल एकच होता आणि तो टबात पडून भिजला होता.

आम्ही दोघं तसेच उभे राहून ऐकत होतो. खालून आवाज आला, धाप लपवलेला. इतरांना कळली नसेल, मला कळली.

"चॅनेल पाच, ब्रोडेक, नेब्रास्का. चॅनेल पाच, ब्रोडेक, नेब्रास्का. हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर एक कोरडा टॉवेल द्या."

एकोणीस आले. काही भरतकाम केलेले होते.

पायकसाहेबांनी न्यूयॉर्कला काय कळवलं ते मी एमिलच्या टेबलावर वाचलं: प्रक्षेपण समाधानकारक, निवेदन समाधानकारक, पाण्याचा दाब कमी. करार पाच वर्षांसाठी झाला. शुक्रवारी एमिलनं अल्विनाला काही सांगितलं नाही, फक्त जाताना त्या खुर्चीची एक लंगडी तंगडी ठोकून नीट करून गेला.

सोमवारी रॉजर हॅल्सी बॅग घेऊन हजर. एमिल त्याला येऊ नकोस म्हणून कळवायला विसरला होता. पोरगा देखणा, आवाज सांगितल्यापेक्षा चांगला. खरं सांगतो, तसा आवाज आमच्या मंडळीत असता तर आम्ही आणखी पाच वर्षं तग धरला असता. अल्विनानं त्याला कोलाची दिली, टेलिफोनची फळी दाखवली, मग काचेच्या खोलीत नेलं.

"नाव म्हणून दाखव," ती म्हणाली.

त्यानं छाती भरून म्हटलं. काच थरथरली.

"सुंदर," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. "दुपारचे डुकरांचे भाव तू वाच. त्यात तुझ्यासारखा आवाज असला की शेतकऱ्याला भाव कमी मिळाल्यासारखं वाटणार नाही."

"आणि हे? स्टेशनचं नाव?"

बाराला आठ सेकंद उरले होते. पडद्यावरच्या माणसाचे खांदे पडले. हॅल्सी आणखी काही विचारणार होता, पण अल्विनानं एक बोट त्याच्या ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.